लतीफसाहेबांचं विमान

पंधरा ऑगस्टच्या चार दिवस आधीची गोष्ट. बहिणीकडे पोलादपूरला गेलो होतो. तिचा मुलगा अकरावीला आहे, सायन्सला. रोज एसटीने महाडला कॉलेजात येतो-जातो. मी छत्री मिटवून आत शिरलो तोच त्याने वही पुढे केली. “मामू, भाषण लिहून द्या ना. पाच मिनिटांचं.” विषय सरांनी दिला होता, ‘भारतीय सैन्यातील मुस्लिम वीर’. वर्गात चाळीस-पन्नास मुलं आहेत, हा विषय मात्र आमच्याच पोराच्या वाट्याला आला. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, याची मला खात्री आहे. त्यांना वाटलं असेल, याला बरं वाटेल.

अशी भाषणं मी आजवर बरीच लिहून दिली आहेत. हात सराईत झालाय. ब्रिगेडियर उस्मान, वीर अब्दुल हमीद आणि एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ ही तीन नावं ठरलेली. अर्ध्या तासात कागद तयार झाला. पोराने तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, “मामू, लतीफसाहेब पाकिस्तानात गेले नाहीत, हे तुम्ही तीनदा लिहिलंय. पण ते विमान कुठलं उडवायचे ते एकदाही नाही लिहिलं.”

मला उत्तर देता आलं नाही. लतीफ यांचं नाव मी वीस वर्षं घेत होतो, भाषणांत, लेखांत, फेसबुकवरच्या भांडणांत. पण त्यांनी आयुष्यभर जे काम केलं, त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी जे केलं नाही, म्हणजे फाळणीत देश सोडला नाही, तेवढंच ठाऊक होतं.

त्या दिवसानंतर मी जे वाचलं, ते आधी सांगतो. माझं म्हणणं मग सांगतो.

लतीफ यांचा जन्म १९२३चा, हैदराबादचा. जानेवारी १९४२ मध्ये, अठराव्या वर्षी, ते तेव्हाच्या भारतीय हवाई दलात अधिकारी झाले. पहिली नेमणूक कराचीला, किनाऱ्याच्या राखणीवर. काम होतं अरबी समुद्रावर पाणबुड्या शोधण्याचं. हाताशी विमानं होती वापिटी, ऑडॅक्स, हार्ट. ही दोन मजली पंखांची विमानं, बसायची जागा उघडी, वारा थेट तोंडावर. वापिटीचा वेग जेमतेम ताशी सव्वादोनशे किलोमीटर. युरोपात तोवर असल्या विमानांची लढाईतली सद्दी कधीच संपली होती. पुढे १९४३-४४ मध्ये ज्या मोजक्या भारतीय वैमानिकांना इंग्लंडला पाठवलं त्यांत लतीफ होते. तिथे ते हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमानं शिकले. १९४४ मध्ये परतले आणि ब्रह्मदेशच्या मोहिमेत हरिकेन उडवू लागले.

स्पिटफायर आपल्या पोरांना ठाऊक आहे. मोबाइलवरच्या खेळात असतं, सिनेमात असतं. देखणं विमान आहे. हरिकेन त्यामानाने जाडजूड आणि कुबड असल्यासारखं. सिडनी कॅम या इंग्रज अभियंत्याने ते हॉकर कंपनीसाठी बनवलं आणि ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ते पहिल्यांदा उडालं. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी जी लढाई झाली, तिचं नाव निघालं की लोकांना स्पिटफायर आठवतं. पण त्या लढाईत जर्मनांची जास्त विमानं पाडली ती हरिकेननेच. एकूण चौदा हजारांवर हरिकेन तयार झाली.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर आली ती हरिकेनची दुसरी आवृत्ती. तिचं इंजिन रोल्स-रॉइसचं मर्लिन, बारा सिलिंडरचं, सत्तावीस लिटरचं, १,२८० अश्वशक्तीचं. पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, लांबी साधारण ९.८ मीटर. भरलेल्या विमानाचं वजन साडेतीन टनांच्या आसपास. सर्वाधिक वेग ताशी ५४५ किलोमीटरच्या घरात, तोही वीस-बावीस हजार फुटांवर. महाड ते पोलादपूर साधारण अठरा किलोमीटर. एसटीला अर्धा तास लागतो, हरिकेनला पूर्ण वेगाने दोन मिनिटं लागली असती. पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा, पण सगळा दारूगोळा नऊ-दहा सेकंदांत संपणारा. म्हणजे बटण दाबायचं ते मोजून. पंखांखाली दोन बॉम्ब लावता येत.

आता या विमानाची दुखणी. गरम देशातली धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून नाकाखाली मोठी गाळणी बसवलेली असे. तिच्यामुळे वेग आणखी कमी व्हायचा. समोर जपान्यांचं नाकाजिमा कि-४३ हे हलकं विमान होतं. ते इतक्या झटकन वळायचं की हरिकेनने त्याच्याशी वळणाची स्पर्धा केली तर खेळ संपलाच. वाचायचं तर खाली सूर मारून निसटायचं, वजनाचा फायदा घ्यायचा. आणि पेट्रोल. एकूण सुमारे ४४० लिटर. त्यातली सव्वाशे लिटरची एक टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच, इंजिन आणि त्याच्यामध्ये. तिला गोळी लागली तर आग थेट तोंडावर येत असे. हरिकेनचे कितीतरी वैमानिक चेहरा आणि हात भाजून घेऊन परतले.

गुण मात्र वेगळेच होते. शेपटीकडचा अर्धा सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं कापड. गोळी कापडातून आरपार जायची. मागे राहायचं ते भोक. खाली उतरल्यावर जमिनीवरचे कारागीर त्यावर कापडाचा तुकडा चिकटवायचे, वरून रोगण फिरवायचे आणि विमान पुन्हा तयार. संपूर्ण धातूच्या विमानाला जिथे वर्कशॉप लागायचं, तिथे हरिकेनला कात्री, ब्रश आणि चार हुशार हात पुरायचे. शिवाय चाकं एकमेकांपासून लांब, त्यामुळे ओबडधोबड मातीच्या धावपट्टीवर ते नीट उतरायचं. स्पिटफायरची चाकं जवळजवळ होती, खराब जमिनीवर ते डगमगायचं. इंफाळच्या आणि आराकानच्या कच्च्या पट्ट्यांवर देखणेपणाला काय करायचं होतं?

भारतीय तुकड्यांचं त्या विमानावरचं मोठं काम टेहळणीचं. अर्जन सिंग यांची एक क्रमांकाची तुकडी १९४४ च्या सुरुवातीला इंफाळला गेली आणि वर्षाहून जास्त काळ तिथे राहिली. मेहर सिंग यांची सहा क्रमांकाची तुकडी आराकानात होती. तिला चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणत. टेहळणीची विमानं जोडीने जात. पुढचा खाली बघायचा, जंगलात शत्रू कुठे आहे, पूल शाबूत आहे की नाही. मागचा त्याच्या पाठीची राखण करायचा. डोंगरांमधल्या चिंचोळ्या दऱ्या, खाली उतरलेले ढग आणि पाऊस. १९४४ च्या पावसाळ्यातही हे थांबलं नाही. ज्याने जुलै महिन्यात आंबेनळी घाट उतरलाय, दहा फुटांवरचा कठडा दिसेनासा झालेला पाहिलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको. आपण तिथे गाडी थांबवतो, दिवे लावतो, दुवा म्हणतो. विमान थांबवता येत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझं भाषण पुन्हा काढलं आणि मला त्याची लाज वाटली.

लतीफ यांची फाळणीच्या वेळची गोष्ट खोटी नाही. असगर खान आणि नूर खान हे त्यांचे सोबती. दोघंही पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या दोघांनी बोलावूनही लतीफ गेले नाहीत. धर्म आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची भूमिका होती. मोठी गोष्ट आहे, सांगावी अशीच आहे. पण आपण ती कशी सांगतो? दाखल्यासारखी. तहसील कचेरीत खिडकीवर उभं राहून जातीचा, उत्पन्नाचा दाखला पुढे करतो, तसा हा निष्ठेचा दाखला. खिडकीपलीकडचा माणूस तो उलटून पालटून बघतो, बाजूला ठेवतो आणि म्हणतो, दुसरा आणा. मग आपण अब्दुल हमीद काढतो. मग उस्मान काढतो. त्या माणसाचं समाधान कधी होत नाही, कारण त्याला दाखला नकोच असतो. आपल्याला खिडकीपाशी उभं ठेवायचं असतं.

लतीफ यांच्या आधी हवाई दलाचे प्रमुख होते हृषिकेश मुळगावकर. मुंबईत जन्मलेला मराठी माणूस, तोही दुसऱ्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक, पुढे काश्मीरच्या लढाईतल्या कामगिरीबद्दल महावीरचक्र. ३१ ऑगस्ट १९७८ ला ते निवृत्त झाले, दुसऱ्या दिवसापासून लतीफ प्रमुख झाले. दोघं एकाच पिढीचे, एकाच दलातले, एकाच खुर्चीवर एकामागोमाग बसलेले. मुळगावकरांवर कुणी लिहिलं तर त्यांच्या उड्डाणांबद्दल लिहितं. ते भारतातच का राहिले, असं कुणी विचारत नाही आणि त्यांच्या बाजूने कुणी तसं सांगतही नाही. लतीफ यांच्याबद्दल मात्र पहिलं वाक्य तेच, शेवटचंही तेच. इतरांचं मी समजू शकतो. आपण स्वतः तसं का करतो?

दाखल्याच्या या हिशेबात आणखी एक अडचण आहे, ती सांगायलाच हवी. १९४४ मध्ये लतीफ यांच्या अंगावर इंग्लंडच्या राजाचा गणवेश होता. त्याच ब्रह्मदेशच्या आघाडीवर पलीकडच्या बाजूला सुभाषबाबूंची आझाद हिंद सेना होती आणि तिच्यात शाहनवाज खान होते. लाल किल्ल्यात त्यांच्यावर खटला चालला. तेही फाळणीनंतर भारतातच राहिले आणि केंद्रात मंत्री झाले. मग निष्ठावान कोण? हरिकेनमधला की जमिनीवरचा? त्याच्या आदल्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली होती आणि सरकार इंग्रजांचंच होतं. त्या सरकारसाठी विमान उडवणं बरोबर होतं का? अठरा-वीस वर्षांच्या पोरांना हे प्रश्न पडले नसतील असं मला वाटत नाही. मला त्यांचा निकाल लावायचा नाही. एवढंच म्हणायचंय की निष्ठेचा तराजू घेऊन बसलं की त्या पिढीतलं कुणीच त्यात नीट मावत नाही, हिंदू, मुसलमान, शीख कुणीच. काम मात्र मोजता येतं. वादळी ढगात शिरून नकाशावर बरोबर जागी खूण करून परत येणं, हे त्या माणसाच्या हाताचं आणि डोक्याचं काम होतं. ते खरं की खोटं, हे कुणाच्या मनावर अवलंबून नव्हतं.

लतीफ यांचं काम पुढे कितीतरी वर्षं चाललं. १९५० मध्ये देश प्रजासत्ताक झाला तेव्हा दिल्लीवरून विमानं गेली, त्यांच्या आघाडीला तेच होते. तेव्हा त्यांच्याकडे टेंपेस्ट होतं, हॉकर कंपनीचंच, म्हणजे हरिकेनच्याच घरातलं. हवाई दलाचे प्रमुख असताना, १९७९ मध्ये, जॅग्वार विमानं भारतात आली. नंतर १९८२ ते १९८५ ते आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल होते. २०१८ मध्ये हैदराबादला ते वारले, तेव्हा ९४ वर्षांचे होते. वापिटी ते जॅग्वार. कापडाच्या पंखांपासून आवाजापेक्षा वेगवान विमानांपर्यंत एकाच माणसाने एका आयुष्यात शिकत जाणं, ही खरी गोष्ट आहे. मी ती वीस वर्षं सांगितली नव्हती.

आणि वीर नसलेल्यांचं काय? माझा आजा बोटीवर होता. दासगावहून होडीने खाडी उतरायची, मुंबई गाठायची आणि मिळेल त्या बोटीवर चढायचं. आमच्या मोहल्ल्यातले निम्मे लोक तसेच. युद्धात इंग्लंडहून विमानं, सुटे भाग, दारूगोळा सगळं बोटींनीच निघायचं आणि त्या बोटींवर डेकवर राबणाऱ्यांत कोकणी मुसलमान खूप होते. पाणबुडीने बोट फोडली की जे खाली गेले ते गेलेच. ज्यांना कबर मिळाली नाही अशा हिंदुस्थानी खलाशांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या नाविकगृहातल्या नोंदवहीत आहेत, सहा हजारांवर. आजा परत आला म्हणून मी आहे. त्याने युद्धाबद्दल कधी भाषण दिलं नाही. विचारलं तर म्हणायचा, “पगार वेळेवर द्यायचे.” त्याला वीर म्हणायचं की नाही? मला वाटतं, या प्रश्नाची गरजच नाही. या देशावर त्याचा हक्क होता तो इथे जन्मला म्हणून, काही सिद्ध केलं म्हणून नाही.

महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथले लोक सैन्यात जातात, घरटी माणूस जातो. तिथल्या पोराला भरतीला जाताना आपण कोण आहोत हे सिद्ध करायला जातोय असं वाटत नसेल. बाप गेला, काका गेला, म्हणून तो धावायला लागतो, छाती मोजतो, फॉर्म भरतो. मला आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांसाठी हेच हवंय. अभिमानाचे व्हिडिओ नकोत, फॉर्म हवा.

कारण दाखल्याच्या या खेळात आपलं एक मोठं नुकसान होतं. लतीफ आपण भिंतीवर टांगतो आणि पोरांना सांगतो, आता आपल्याला कोण घेणार. दोन्ही एकाच तोंडाने. भेदभाव होतो, मी नाकारत नाही, मीही भोगलाय. पण ज्या परीक्षेचा अर्जच भरला नाही, तिच्यात आपल्याला डावललं हे कसं म्हणणार? एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. लेखी, मुलाखत, मग वैमानिक व्हायचं तर वेगळी चाचणी, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यासाठी राज्य सरकारची तयारी करून घेणारी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. दहावीच्या वर्षीच तिथला अर्ज करावा लागतो. आता मुलींसाठीही नाशिकला सोय झाली आहे. हे मला वीस वर्षं लिहायला हवं होतं. मी दाखले लिहीत बसलो.

भाषणाचं काय झालं ते सांगतो. मी लिहिलेलं पोराने ठेवून दिलं आणि स्वतःच नवं लिहिलं. पाच मिनिटांपैकी साडेतीन मिनिटं हरिकेनवर. कापड, गाळणी, चाकं, तोंडासमोरची टाकी. लतीफ पाकिस्तानात गेले नाहीत हे त्यात एकदा आलं, एका वाक्यात, १९४७ च्या जागी, जिथे यायला हवं तिथे. पाऊस होता, कार्यक्रम हॉलमध्ये घेतला. नंतर दोन मुलं त्याच्याकडे आली, एक जाधव, एक मालुसरे. त्यांना जाणून घ्यायचं होतं की कापडाचं विमान पावसात भिजत कसं नाही.

रात्री जेवताना त्याने तेच भाषण आमच्या अब्बांना म्हणून दाखवलं. अब्बा ऐंशीच्या पुढे आहेत, बारा वर्षं कुवेतला गाडी चालवली. पोराने एनडीएचं नाव काढलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, “आपल्यातल्यांना कोण घेतंय तिथं?” त्या रात्री तसं म्हणाले नाहीत. बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, “चारशेचाळीस लिटर? आणि टाकी पुढ्यात?”

“हो नाना.”

“ज्याने गाडी चालवलीय त्यालाच कळेल,” असं म्हणून ते पुन्हा जेवू लागले. हात धुताना मला विचारलं, “महाडात फिजिक्सची शिकवणी चांगली कोणाकडे आहे रे?”